परवानगीची शिकार

आमच्या गावात एक काळवीट मारायची परवानगी आली. वनखात्याच्या नागपूरच्या मुख्य कचेरीतून थेट आली, आणि आली त्या दिवशी मी अंगणात एवढ्या जोरात ओरडले की गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. परवानगी एकाच जनावराची होती. तळ्याच्या काठावर एक काळवीट होतं. पुढच्या पायाचं खूर गळून पडलेलं, तोंडाला फेस, अंगावर नुसती कातडी, आणि बरं होण्याची आशा संपलेली. तेवढंच मारायचं, दुसऱ्या कुठल्याही हरणाला धक्का लावायचा नाही. आणि गोळी घालणारा माणूस म्हणून कागदावर नाव होतं माझ्या वडिलांचं.

आप्पा पंचाहत्तरीच्या पुढचे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. चहाची बशी धरली की उजवा हात असा हलतो की निम्मा चहा धोतरावर जातो. पण आमच्या बाजूला परवान्याची बंदूक आणि हरणाच्या शिकारीचा अनुभव, या दोन्ही गोष्टी असलेला दुसरा माणूसच शिल्लक नव्हता. त्याला वनखातं तरी काय करणार!

मला लग्न करून याच गावात, दोन गल्ल्या पलीकडं दिलं. त्यामुळं माझं माहेर कधी सुटलं नाही आणि आप्पांच्या शिकारीच्या गोष्टीही सुटल्या नाहीत. शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा आप्पा विशीत होते. म्हणजे सगळी मिळून पाच-सहा हंगामांची शिकार, आणि तिच्यावर पन्नास वर्षांच्या गोष्टी. पाहुणा आला की त्याला सोप्यात बसवायचं, भिंतीवरची शिंगं दाखवायची (त्यांची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे, हेही प्रत्येकाला सांगायचं), आणि मग सुरू व्हायचं. त्यातलं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले.

"आमच्या वक्ताला रानात रोग न्हवता. कावून? लंगडं-पांगळं आमी ठेवतच न्हवतो. शिकारी हाय तवर कळप साफ ऱ्हातो."

माझा या वाक्यावर ठाम विश्वास. नुसता विश्वास नाही, मी ते स्वतःच्या तोंडानं कैक ठिकाणी वाजवलेलं. तलवाड्याच्या बाजारात, बचतगटाच्या बैठकीत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. कारण आमची जमीन गायरानाला लागून. सोयाबीनचा कोंब वर आला की हरणांचा कळप हजर, हरभरा दोन पानांवर आला की पुन्हा हजर. लांडगा आता औषधालाही दिसत नाही, शिकार बंद, मग कळप वाढणार नाही तर काय होईल? पण खरं सांगते, तोच कळप सकाळच्या उन्हात तुरीच्या ओळींवरून उड्या घेत निघाला की माझ्या हातातलं खुरपं गळून पडतं. एकेक मादी अशी हवेत उठते की वाटतं ही आता खाली येतच नाही! मी त्यांना शिव्या घालते आणि उभी राहून बघतेही. नवरा म्हणतो, तुझं एक काय ते ठरव. ते काही ठरत नाही.

त्या वर्षी पाऊस सरता सरता गावातल्या दोन गाईंनी चारा सोडला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, जिभेला फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा. लाळ्या खुरकूत. त्याच आठवड्यात तळ्यावर लंगडणारं काळवीट दिसलं. मग काय, गावाला आरोपी मिळाला. पाझर तलाव एकच, गुरंही तिथंच पाणी पितात आणि हरणंही. पारावर पोरं म्हणायला लागली, "लाव बे विष पाण्याच्या कडंला, एका रातीत सगळं खलास." मला संताप आला. विष टाकल्यावर ते काय नाव विचारून मारतं का? आपल्या शेळ्या, कुत्री, मोर, सगळीच मरतील! मी तसं मोठ्यानं बोलले, आणि मग ग्रामसभेत उभी राहून आणखी मोठ्यानं बोलले. म्हटलं, आजारी जनावर रीतसर परवानगी काढून मारा, कायद्यात तशी सोय आहे, आणि मारायला माझे आप्पा आहेत.

कायद्यात सोय आहे हे मला जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरुण मुलगा, मोटारसायकलवर बर्फाचा डबा बांधून गावोगाव लशी देत फिरणारा. त्यानं दुर्बिणीतून ते काळवीट पाहिलं आणि मान हलवली. खुरात अळ्या पडल्या होत्या. तीन पायांवर ते अजून पळायचं, माणूस दिसला की खुरडत कळपात शिरायचं. त्याला धरायचं तर सगळा कळप पळवावा लागणार, आणि हरणं जास्त पळवली की धास्तीनंच मरतात, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला नवीन होतं. त्याला नुकत्याच मेलेल्या जनावराचे नमुनेही हवे होते, म्हणजे रोग नक्की कुठला ते कळलं असतं.

"पण ताई, एक मारल्यानं साथ थांबेल असं समजू नका," तो म्हणाला. "गुरं तळ्यावर सोडायची बंद करा, सगळ्यांना लस टोचून घ्या. लस तुमच्या गुरांना देता येते, हरणांना नाही. आणि रोग हरणानं गाईला दिला की गाईनं हरणाला, हेही मला आज सांगता येत नाही."

"पण शिकार चालू असती तर ही वेळच आली नसती की!" मी म्हटलं.

"कळप कमी करणं वेगळं आणि आजारी निवडून काढणं वेगळं. निवडायचं काम लांडगा करतो. माणसाचं मला माहीत नाही."

मला त्याचा रागच आला. काल आलेलं पोर, माझ्या आप्पांना शिकवतंय! मी घरी जाऊन त्याचं बोलणं आप्पांना तिखटमीठ लावून सांगितलं. आप्पा मिशीत हसले.

"त्याला म्हनावं, ये एकदा. दावतो निवडून."

अर्ज गेला. वनखात्याचे साहेब येऊन पंचनामा करून गेले. इतके दिवस काहीच कळेना, आणि मग एकदम ती परवानगी! साहेबांनी आप्पांना समोर बसवून शब्द न शब्द समजावला.

"आप्पा, नीट ऐका. एकच जनावर, आणि तेच. उद्या आणि परवा, एवढीच मुदत. मी आणि डॉक्टर हजर असू. पण गोळी दुसऱ्या हरणाला लागली, तर परवानगीचा कागद तुम्हाला वाचवणार नाही. मलाच तुमच्यावर गुन्हा दाखल करावा लागेल. काळवीट आहे, ससा नाही."

"कळतंय मला," आप्पा म्हणाले. हात हलत होता, म्हणून त्यांनी तो मांडीखाली घेतला. मी पाहिलं, साहेबांनीही पाहिलं. निघताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही सोबत राहा." या वयात वडिलांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावायच्या, आणि त्याही मी ग्रामसभेत तोंड उघडलं म्हणून! पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या वर उत्साहच जास्त होता. रात्रभर मला नीट झोप लागली नाही, जत्रेच्या आदल्या रात्री लागत नाही तशी.

बंदूक निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेली होती, ती अर्ज गेला तेव्हाच सोडवून आणलेली. बारा बोअरची दुनळी. आप्पांनी गजाला फडकं गुंडाळून नळ्या साफ केल्या, तेल दिलं, आणि सोप्यात तेलाचा असा वास सुटला की माझा भाऊ पुण्याहून फोनवर विचारायला लागला, चाललंय काय तुमचं? परवानगी आली त्याच दिवशी साहेबांच्या समोर चाचणी झाली. बांधावर मडकं ठेवलं. पहिली गोळी बांधात गेली, माती उडाली. आप्पा म्हणाले, "हाताला टेकू पायजे." लिंबाच्या खोडाला कोपर टेकून दुसरी झाडली आणि मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या! मी टाळ्या पिटल्या. टेकू असला आणि जनावर जवळ असलं तर हात स्थिर राहतो, एवढं ठरलं. आता प्रश्न जवळ जायचा.

यावर आप्पांकडं हुकमी उत्तर होतं. "काळवीट मानसाला भितं, बैलगाडीला भीत न्हाई. गाडीत बसायचं, पन सरळ त्याच्यावर जायचं न्हाई. लांबून येढा घालायचा, मंग त्याच्या आत येढा, मंग आनिक आत. त्याला वाटतं, गाडी आपल्या वाटंनं चाललीय. आमी असंच जायचो. पार त्या समोरच्या रुईच्या झाडाएवढ्या अंतरावर!"

गावात बैलगाड्या आता बोटावर मोजण्याएवढ्या. ज्या आहेत त्या ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या, टायरच्या. त्यातली एक ठरवली. डॉक्टरनं आधी बैलांच्या कानातले बिल्ले बघितले, लस झालीय का विचारलं, आणि परत आल्याबरोबर बैलांचे पाय धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचे हे कबूल करून घेतलं. घुंगरांच्या माळा काढल्या. आप्पांनी फेटा बांधला! मी म्हटलं, "आप्पा, वरातीला निघालात का?" तर म्हणाले, "शिकारीला बोडक्यानं जात न्हाईत."

सकाळी कोवळ्या उन्हात आम्ही निघालो. गाडी हाकायला मालक, मागं आप्पा आणि मी, मधे गोणपाटाखाली बंदूक. तळ्याच्या बंधाऱ्यावर अख्खं गाव. साहेबांनी सगळ्यांना आवाज न करता बसायला सांगितलेलं, आणि गाव बसलेलंही, केवढं नवल! कळप गायरानाच्या मध्यावर चरत होता. आजारी काळवीट बोरीच्या बुडाशी. माझं काळीज इतक्या जोरात उडत होतं की मला वाटलं हरणांना ऐकू जाईल. पहिला वेढा लांबून घालायला घेतला, आणि निम्म्यातच एका मादीनं मान वर केली. मग दुसरीनं. मग सगळ्यांनीच. सगळ्यांचे कान आमच्याकडं. आप्पा कुजबुजले, "चालू दे, थांबू नगंस." एवढ्यात ती पहिली मादी अशी उंच उडाली, आणि तिच्यामागं सगळा कळप उधळला! माती, खूर, पांढरी पोटं, काय ती धावपळ, बघता बघता रान मोकळं. आजारी काळवीटसुद्धा तीन पायांवर खुरडत गेलं.

बंधाऱ्यावर हशा पिकला. आप्पांचा चेहरा बघवेना.

"हरनंच बिघडली," ते म्हणाले. "गाडीला भ्यायला लागली. काय दिवस आले!"

गाडी परत वळवली. बैलांचे पाय धुवून झाले. आप्पा बांधावर बसून फेटा सोडत होते आणि मी चिडून इकडंतिकडं बघत होते, तेव्हा मला दिसलं. गायरानाच्या पलीकडं एकाच्या वावरात ट्रॅक्टर चालला होता. मागं रोटाव्हेटर, वर मोठ्ठ्या आवाजात गाणी, नुसता धुरळा. आणि पळालेली सगळी हरणं त्याच्या मागंपुढं, हाकेच्या अंतरावर, निवांत चरत होती! एक तर ट्रॅक्टरकडं पाठ करून अंग चाटत होती.

"आप्पा! ओ आप्पा! तिकडं बगा!"

आप्पांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ही हरणं जन्मली तेव्हापासून रोज ट्रॅक्टर बघत आलेली. बैलगाडी त्यांच्या रानात येतेच कुठं? गाड्या ऊसतोडीला निघाल्या की रस्त्यानं निघतात. आमच्या हरणांना बैलगाडी म्हणजे काय तरी भयंकर, कधी न पाहिलेलं! मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. आप्पा मात्र हसले नाहीत.

"ट्रॅक्टरच्या आडून शिकार? लोक थुकतील माझ्या तोंडावर."

"लोक थुकतील ते थुकतील. उद्या मुदत संपती. मंग ते पानी आन आपली गुरं, बसा बगत."

संध्याकाळी त्यांनीच निरोप पाठवला की ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरून ठेव.

ट्रॅक्टर मी चालवते. नवऱ्याची कंबर धरल्यापासून मीच चालवते, आणि सुरुवातीला नावं ठेवणारे आता माझ्याकडंच पेरणीला नंबर लावतात. दुसऱ्या दिवशी मागं माती मोकळी करायचं औजार, फणाची पास, जोडलं, म्हणजे ट्रॅक्टर रोजच्यासारखा दिसावा. गाणी लावली. साहेब म्हणाले, "गाणी कशाला?" मी म्हटलं, "गाण्याशिवाय ट्रॅक्टर त्यांनी कधी पाहिलाय?" डॉक्टर हसला. मला तो त्या क्षणी बराच बरा वाटला. आप्पा मडगार्डवर बसले, डोक्याला फेटा नाही, गांधी टोपी. बंदूक घोंगडीत.

कळप रात्रीतून गायरानावर परतलेला. पहिला वेढा. कुणी मान वर करेना. दुसरा वेढा, त्याच्या आत. एका पाडसानं बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. आप्पांची गाडीची युक्ती ट्रॅक्टरला जशीच्या तशी लागू पडली! मला ओरडावंसं वाटत होतं. तिसरा वेढा, आणखी आत. आता मला माद्यांच्या पापण्या दिसत होत्या. इतक्या जवळून मी आयुष्यात हरणं पाहिली नव्हती. नाकपुड्या हलताना दिसत होत्या, गवत तुटल्याचंही कळत होतं, आणि वर गाणं चाललेलं! पुन्हा त्याच बोरीच्या बुडाशी ते आजारी काळवीट आडवं पडलेलं, मान तेवढी वर.

आप्पांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. ठरल्याप्रमाणं मी ट्रॅक्टर थांबवला, इंजिन चालू ठेवलं. इंजिन बंद झालं असतं तर कळप दचकला असता. आप्पा हळूच पलीकडून उतरले, मागच्या मोठ्या चाकाआड गुडघ्यावर बसले, टायरच्या नक्षीत कोपर रुतवलं. हात स्थिर झालेला मी वरून पाहिला आणि मनातल्या मनात म्हटलं, जमलं! आता फक्त एक गोळी.

नेमका तेव्हा तो आला. कळपाचा मोठा नर. पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, पिळाची लांब शिंगं मागं टाकलेली, मान ताठ. बोरीच्या आणि आमच्या मधून तो अगदी सावकाश चालत निघाला, जणू रान त्याच्या नावावर आहे. काय त्याचं रूप! आणि मी खाली पाहिलं, तर बंदुकीची नळी त्याच्यासोबत चालली होती.

तो पुढं गेला तशी नळी पुढं गेली. तो थांबला, नळी थांबली.

"आप्पा, कुटं बगायलात?" मी दबक्या आवाजात म्हटलं. इंजिनात ऐकू गेलं नसावं. मी वाकून पुन्हा म्हटलं. आप्पांचा गाल बंदुकीच्या दस्त्याला चिकटलेला, एक डोळा मिटलेला. बोट घोड्यावर.

मला धक्का मारता येत नव्हता, बंदूक उडाली असती. हॉर्न वाजवला असता तर कळप गेला असता आणि मुदतही गेली असती. अंगाला घाम फुटला. आणि त्याच घामात माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्या भिंतीवरचं एकही शिंग आखूड नाही. एकही वाकडं नाही, एकही रोगट नाही. लहानपणापासून मी त्यांच्याखाली जेवले, अभ्यास केला, आणि कधी मनात आलं नाही की लंगडं-पांगळं जे मारलं म्हणतात, त्याची शिंगं कुठंयत? आप्पांनी कधी लंगडं मारलंच नव्हतं. कळपातलं सगळ्यात देखणं जनावर निघून समोर आलं की त्यांची नळी आपोआप तिकडं वळायची. आत्ता वळली तशी. डॉक्टर म्हणाला होता, माणसाचं मला माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं, आणि मी गावभर सांगत सुटले होते!

मी ट्रॅक्टरवरून खाली घसरले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"आप्पा, तो न्हवं. आपलं बोरीच्या बुडाला हाय."

"ते दिसंना गं मला," आप्पा म्हणाले. आवाज रडवेला होता. "ह्योच दिसायलाय."

तो नर आता चालत लांब गेला होता आणि आजारी काळवीट त्याहून जवळ होतं. ऑपरेशन केलेले डोळे, चष्मा, लख्ख ऊन, सगळं होतं. पण त्यांना तोच दिसत होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ थरथरत होती, हात मात्र टायरवर तसाच.

"जाऊ द्या त्याला. जाऊ द्या म्हनते ना. आता डाव्या अंगाला या. जरा खाली. बोरीची वाळकी फांदी दिसली? तिच्या बुडाला मातकट कायतरी पडलंय. मान हलतीय बगा. दिसलं?"

नळी तिथंच राहिली. मोठा नर चालत दोन झुडपांच्या पलीकडं गेला. नळी हळूच, फार हळूच खाली उतरली, डावीकडं आली.

"दिसलं," आप्पा म्हणाले.

बार झाला! माझ्या कानाला दडे बसले. कळप एकदम उठला, सगळा, हवेत, आमच्या डोक्याएवढा उंच! धुरळ्यातून उड्याच उड्या, तो काळा नर सगळ्यांच्या पुढं, शिंगं मागं टाकून. आणि बोरीच्या बुडाशी ती मान खाली टेकलेली. एका गोळीत. पाय झाडायलाही वेळ मिळाला नाही त्याला. बंधाऱ्यावर गाव ओरडत सुटलं, कुणी तरी शिट्टी मारली, कुणी म्हणालं, "बगितलास का बे, म्हातारं लई पक्कं हाय!" मी तर वेड्यासारखी नाचले, धुळीत, अनवाणी, चपला कुठं गेल्या कळलंच नाही. लागली! ज्याला लागायची त्यालाच लागली!

साहेब आणि डॉक्टर पळत आले. डॉक्टरनं हातमोजे घालून काळविटाच्या डोळ्याला बोट लावून पाहिलं, मान डोलावली, मग पेटी उघडून नमुन्यांच्या नळ्या काढायला लागला. साहेबांनी आप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आप्पा, जिंकलात." लोक बंधारा उतरून येत होते, साहेबांनी त्यांना लांबच थांबवलं, कारण जागेवर चुना टाकायचा होता, खड्डा खणायचा होता. आप्पा अजून चाकाआड गुडघ्यावरच होते. मला वाटलं, गुडघे धरले असतील. मी हात दिला. त्यांनी बंदूक साहेबांकडं दिली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि काळविटाकडं चालायला लागले.

डॉक्टर पुढचा पाय उचलून बघत होता. खूर नव्हतंच. जिथं असायला पाहिजे तिथं काळंनिळं मांस आणि वळवळणाऱ्या अळ्या. वास इतका की मी पदर नाकाला लावला. आप्पांनी लावला नाही. ते वाकून बघत राहिले.

"ह्याला लई दुखत आसंल न्हाई, डॉक्टर?"

"फार दुखत असणार. बरेच दिवस."

आप्पांनी टोपी काढली. मागं ट्रॅक्टर चालूच होता, गाणंही चालू होतं, त्या गडबडीत मी बंद करायची विसरले होते. ते काहीतरी पुटपुटले, मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय म्हनालात?"

तेव्हा ते वळले आणि लांब उभ्या असलेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "एवढी हरनं मारली मी. मारायलाच पायजे व्हतं, असं हे पयलंच."